रिंकूच्या घरची माती

ऊर्जानगरच्या त्या इमारतीत वाघाचं कुणाला फारसं काही वाटत नसे. पहाटे फिरायला निघालेल्यांना रस्त्यात वाघ दिसला की दोन मिनिटं थांबायचं, तो झुडपात शिरला की पुढं चालू लागायचं, आणि घरी येऊन चहा पिता पिता सांगायचं, असा तिथला शिरस्ता होता. पण दुसऱ्या मजल्यावरच्या दामिनीने काचेच्या पेटीत मकडी पाळली आहे हे कळलं, आणि वाटीभर साखर मागायला येणाऱ्या बायकासुद्धा उंबरठ्याच्या आत पाऊल टाकेनाशा झाल्या.

मकडी साधीसुधी नव्हती. दूर देशातली टॅरँट्युला जातीची कोळीण, तळहाताएवढी, अंगावर सोनेरी कुरळे केस. दामिनीची कॉलेजातली मैत्रीण मयुरी हिने नागपूरला तिला वाटाण्याएवढी होती तेव्हापासून वाढवलं होतं आणि तिचं नाव रिंकू ठेवलं होतं. मयुरीचं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी तिची नोकरी मान्य केली, तिचं मटण खाणं मान्य केलं, रिंकूला मात्र साफ नाही म्हटलं. मग दामिनीने चंद्रपूरच्या बसमध्ये मांडीवर डबा धरून रिंकूला घरी आणलं. याला चारच महिने झाले होते. वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत दिवसभर पाणी तपासणारी ही मुलगी संध्याकाळी मोबाइलमध्ये डोकं घालून मकडी कशी सांभाळायची ते वाचत बसे.

तिची आई कुंताबाई त्याच घरात राहत होती. राहायला आली होती म्हणण्यापेक्षा तिला आणलं गेलं होतं. पोंभुर्ण्याकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीखाली, तिचं मातीचं घर होतं. नवरा असताना दोघं जाळी टाकत, आणि तो गेल्यावरही ती पहाटे टोपली घेऊन मासे विकायला निघे. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात ती तलावाच्या पायरीवरून घसरली आणि घोटा भोपळ्यासारखा सुजला. चार दिवस ती बसल्या जागी सरकत भात शिजवून खात राहिली. दामिनीचा फोन रोज सात वाजता येई आणि कुंताबाई रोज सांगे, "बरं हाय." पाचव्या दिवशी शेजारच्या सोमाजीने परस्पर दामिनीला फोन केला. त्याच रात्री दामिनी गाडी करून आली आणि आईला उचलून घेऊन गेली.

घोटा महिन्याभरात बरा झाला. पण घरी सोडायचा विषय निघाला की दामिनी तोंड फिरवी. कुंताबाईचा जीव मात्र तलावाकडे ओढ घेई. इथं नळ फिरवला की पाणी येई, पण त्या पाण्याला वास नव्हता. दिवाळी झाली की गावोगावी मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, रात्रभर दंडारीचं नाटक चालतं. जन्मात एकदाच तिची मंडई चुकली होती, मागच्या वर्षी. या वर्षी चुकवायची नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं.

दसऱ्यानंतर दामिनीचं पंधरा दिवसांचं ट्रेनिंग निघालं, नाशिकला. कुंताबाईने संधी साधली. तू जा, मी इथं एकटी राहते, आणि नीट राहून दाखवलं तर मला दिवाळीच्या आधी गावी सोड, असं ती म्हणाली. दामिनीने बराच वेळ विचार केला. मग पेटीकडे बोट दाखवलं.

"नुसती राहू नको. हिलेही सांभाळ. मी आली तवा रिंकू जिती पाहिजे."

"एवढंच? मी तुले सांभाळलं, हिचं काय मोठं."

"मले दोन पाय होते, आई."

निघायच्या आदल्या दिवशी दामिनीने फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. कुंताबाईची शाळा चौथीपर्यंतची, म्हणून अक्षरं मोठी काढली होती. पाण्याची बशी रोज धुऊन भरायची. आठवड्यातून एकच झिंगूर, म्हणजे रातकिडा, द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत खाल्ला नाही तर काढून टाकायचा. हात लावायचा नाही, कारण ती चिडली की पोटावरचे केस पायाने उडवते आणि त्याची खाज खाजकुयलीसारखी असते. पेटी उन्हात ठेवायची नाही. घरात कसलाही फवारा मारायचा नाही. ती उंचावरून पडली तर पोट फुटून मरते, म्हणून पेटी हलवायची नाही. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: माती ओली करायची नाही.

कुंताबाईने चष्मा लावून, ओळीवर बोट फिरवत सगळं वाचलं आणि मान डोलावली.

पहिले तीन दिवस झकास गेले. पेटी फूटभर रुंद, दीड फूट लांब, वर उचलून काढायचं भोकाभोकांचं झाकण. आत नारळाच्या शेंड्यांचा भुसा चांगला वीतभर भरलेला. त्यालाच माती म्हणायचं. कोपऱ्यात लपायला प्लॅस्टिकची एक कवटी होती. ती कुंताबाईला मुळीच पसंत नव्हती. भल्या घरात मढ्याचं डोकं कायले, असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत आली होती. पण रिंकू त्या कवटीच्या तोंडात दिवसभर पाय दुमडून सुखाने बसे, त्यामुळे तिचा इलाज चालला नाही.

झिंगुरांचा डबा वेगळा होता. दामिनी त्यांना गाजराची चकती घालायची. कुंताबाईने गाजराबरोबर काकडी आणि दुधी भोपळ्याची साल घातली, आणि झिंगूर दिवसाढवळ्या गाऊ लागले. गावाकडे धान निसवायच्या दिवसांत शेताच्या बांधीबांधीतून असाच आवाज येई, तो कानात घेत ती दुपारभर डब्याशेजारी लवंडून राही. चौथ्या दिवशी त्यातला एक रिंकूला द्यायची पाळी आली तेव्हा तिने मुद्दाम न गाणारा निवडला.

चूक झाली ती पाण्यात.

ऑक्टोबरचं ऊन चंद्रपुरात कसं तापतं ते तिथं राहणाऱ्याला सांगायला नको. पेटीतला भुसा वरून इतका सुका दिसे की कुंताबाईच्या घशाला कोरड पडे. पन्नास वर्षं तिने जिता जीव बाजारापर्यंत जिता नेला होता. टोपलीत खेकडे असोत की मांगूर मासे, वर ओलं पोतं टाकायचं आणि वाटेत दिसेल त्या बोडीच्या तळ्याशी थांबून पाण्याचा हात मारायचा. सुकला की मेला, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी शिकवायची गरजही नव्हती. तिला रिंकू म्हणजे खेकड्याच्या नात्यातलीच वाटली. तसंच अंग, तसेच सांधे, तशीच आडवी नजर. कागदावरची शेवटची ओळ तिला आठवत नव्हती असं नाही. पोरीने मोबाइलमध्ये वाचलं आणि आपण आयुष्यभर केलं, यात खरं कोणाचं, याचा निवाडा तिने स्वतःच करून टाकला. मग रोज दुपारी ती भोकांमधून पाण्याचा हात मारू लागली. आधी एकदा, मग दोनदा. भुसा काळाभोर झाला, पेटीतून पहिल्या पावसानंतरच्या रानासारखा वास येऊ लागला, आणि कुंताबाई खूश झाली.

आठव्या दिवशी रिंकू कवटीतून बाहेर आली आणि काचेवर चढली. नवव्या दिवशी ती झाकणाच्या आतल्या बाजूला उलटी चिकटून बसली. खाली उतरेना. कुंताबाईने झिंगूर सोडला. एरवी झडप घालणारी रिंकू हलली नाही. झिंगूर ओल्या मातीवर दोन दिवस फिरत राहिला आणि शेवटी त्याला काढावं लागलं.

त्याच नवव्या दिवशी सात वाजता फोन वाजला होता. कुंताबाईचा फोन बटणं दाबायचा, त्यात तोंड दिसत नसे.

"आई, कशी हाय?"

"बरं हाय."

"रिंकू?"

"तेही बरं हाय."

फोन ठेवल्यावर तिने झाकणाकडे पाहिलं. रिंकू होती तिथंच, आठही पाय ताणून. तिच्याखाली वीत-दीड वीत पोकळी. पडली तर पोट फुटतं, हे कागदावर लिहिलेलं होतं आणि ही ओळ मात्र कुंताबाईने शंभर टक्के खरी मानली होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या सुगंधाबाई दारात आल्या. त्या आत कधी येत नसत. उंबरठ्यावर उभ्या राहून हातातल्या मोबाइलशी चाळा करत बोलत, कारण त्यांना म्हणे सतत भाचीचे निरोप यायचे. तिथूनच त्यांनी मान लांब करून पाहिलं.

"कुंताबाई, ते वर काऊन चढली?"

"हवा खाऊन राह्यली."

"मले तर पळाचा बेत दिसते."

"पळाली तर तुमच्याकडंच येईन. तुमची चटणी तिले लय आवडते म्हणते."

सुगंधाबाई हसत हसत पण जरा घाईने परत गेल्या. कुंताबाईला मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी सात वाजताही ती "बरं हाय" म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सकाळी ती पेटीसमोर स्टूल घेऊन बसली आणि रिंकूला चांगली घटकाभर न्याहाळत राहिली. एकटक बघत बसायची तिला सवय होती. पाण्यात गरी टाकून बसणाऱ्याला दुसरं काय येतं.

आणि बघता बघता तिला बांधी आठवली. ती नऊ-दहा वर्षांची असेल. आषाढात रात्रभर कोसळला की सकाळी बापाबरोबर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जायचं. धुऱ्याच्या बिळांत पाणी भरलेलं असायचं आणि सगळे खेकडे वर येऊन बसलेले, गवताच्या काडीला, पळसाच्या बुडख्याला, जिथं जागा मिळेल तिथं. तिने बापाला विचारलं होतं की हे असे वर काऊन आले. बाप म्हणाला होता, "घरात पाणी भरलं तर तू कुठी बसशील? छपरावरच ना."

कुंताबाई स्टुलावरून उठली. तिने झाकणावरच्या भोकातून हळूच बोट घातलं, काचेच्या कडेला लागलेली वाफ पुसली आणि बोट बघितलं. ओलं. खेकड्यालासुद्धा बिळात पाणी भरलेलं चालत नव्हतं, आणि ही तर खेकडा नव्हतीच. घर आपणच बुडवलं होतं, तेही लिहून दिलेलं असताना.

आता कपाळ बडवून उपयोग नव्हता. माती सुकवायची तर रिंकूला बाहेर काढायला हवं, आणि रिंकूला धरायचं तर ती पळणार किंवा पडणार. कुंताबाईने धरायचा विचार सोडून दिला. मासा हाताने धरायच्या फंदात तिचा नवरासुद्धा पडत नसे. मासा जिथं जाणार तिथं आधी आपण जाऊन बसायचं, असं तो म्हणे. रिंकू झाकण सोडत नव्हती, तर मग झाकणच दुसऱ्या घरावर ठेवायचं. आणि त्या घराची जमीन इतकी वर आणायची की पडली तरी चारच बोटं पडेल.

दामिनीच्या कपाटात सुक्या भुशाचं न फोडलेलं पाकीट होतं. भांडं मात्र घरातलं एकही पुरेना. कुंताबाईने समोरचं दार वाजवलं आणि मोठा गंज मागितला. सुगंधाबाईंनी रुंद तोंडाचं, जाड बुडाचं ते भलं मोठं पातेलं आनंदाने काढून दिलं. महालक्ष्म्यांची आंबील त्यात होत असे. काय रांधता, असं त्यांनी विचारलं तेव्हा कुंताबाई म्हणाली, "पाव्हणी उतरवाची हाय." ते खोटं नव्हतं.

गंजाचं तोंड झाकणापेक्षा थोडं लहान होतं, हे तिने दोरीने मापून घेतलं. मग तो काठाला चार बोटं ठेवून सुक्या भुशाने भरला, दाबला, पेटीशेजारी मांडला. हात धुतले. पदर खोचला. सुगंधाबाई उंबरठ्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या, मोबाइल छातीशी धरून, आणि आपला गंज कशासाठी गेला हे आता त्यांच्या ध्यानात येत होतं. 

कुंताबाईने झाकण दोन्ही हातांनी धरलं. भरलेलं जाळं पाण्यातून उचलताना हिसका द्यायचा नाही, दम रोखून, सारख्या वेगाने वर घ्यायचं, तसं तिने ते उचललं. रिंकूने एक पाय हलवला. कुंताबाई थांबली. रिंकूने दुसरा पाय हलवला आणि झाकणाच्या कडेकडे, बोटांच्या दिशेने, दोन पावलं आली. खाली फरशी होती.

"बस माय," कुंताबाई अगदी हळू म्हणाली. "घर दाखवतो तुले. बस."

रिंकू बसली. ऐकून बसली की आपली आपण बसली, हे त्या दोघींनाच ठाऊक. कुंताबाईने झाकण बोटभर बोटभर सरकवत गंजावर आणलं, टेकवलं, वर वरवंटा ठेवला, आणि मग कुठं श्वास सोडला. दारातून सुगंधाबाईंचा आवाज आला, "गंज राहू द्या तुमच्याकडंच. आम्ही दुसरा घेऊ."

दुपारी दोनच्या सुमाराला रिंकूने एक पाय खाली टेकवला. तो उचलला, पुन्हा टेकवला. मग दुसरा. मग सगळीच्या सगळी सुक्या भुशावर उतरली आणि पाय पोटाशी घेऊन अशी बसली, जशी कुंताबाई बाजारातून आल्यावर ओट्यावर बसत असे. ओला भुसा तिने गच्चीत जुन्या लुगड्यावर पसरला आणि दोन दिवस कावळे हाकत सुकवला. पेटी पुसली, भुसा भरला, बशी ठेवली. कवटीच्या जागी, कुणी विचारणारं नव्हतं म्हणून, एका फुटक्या माठाचं खापर पालथं घातलं. मग रिंकू फिरता फिरता पुन्हा झाकणाला लटकली तेव्हा गंजातून पेटीत तीच युक्ती उलटी केली. भूक लागलेल्या रिंकूने त्याच संध्याकाळी झिंगूर मटकावला, आणि तोसुद्धा गाणारा, कारण न गाणारे संपले होते.

दामिनी पंधराव्या दिवशी सकाळी आली. बॅग टाकून आधी पेटीपाशी गेली. रिंकू खापराखाली नवऱ्या मुलीसारखी बसली होती. माती कोरडी होती, बशी भरलेली, काच लख्ख. दामिनीने वाकून सगळं पाहिलं, कवटीचं काय झालं ते विचारलं, खापर बरं दिसतं म्हणाली. मग खुर्चीत बसून चहा घेतला.

"शनिवारी सुट्टी हाय मले. सकाळीच निघू. घर झाडाले तुले दिवस लागन."

झालं. एवढ्याचसाठी कुंताबाईने पंधरा दिवस काढले होते. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तिला नवीन नव्हतं. तिने पेटीकडे पाहिलं. मुका जीव, आवाज नाही, शब्द नाही, पण घरात पाणी भरल्यावर चार दिवस काचेवर येऊन सांगत राहिला होता. आणि आपण, बोलायला तोंड असून, सुजलेला पाय पदराखाली झाकून चुलीपुढं बसलो होतो.

"दामिनी," ती म्हणाली, "मी माती ओली केली होती."

मग तिने सगळं सांगितलं. पाण्याचा हात, झाकण, न खाल्लेला झिंगूर, गंज. शेवटी हेही सांगितलं की फोनवर ती खोटं बोलत होती. बोलून झाल्यावर शनिवार गेला असं धरून ती कप विसळायला उठली.

"मले माईत हाय," दामिनी म्हणाली.

कुंताबाई वळली. दामिनीने मोबाइल पुढं केला. त्यात फोटो होते. झाकणाला लटकलेली रिंकू. गंज. झाकण उचलून उभी असलेली, तोंड घट्ट मिटलेली कुंताबाई. सगळे उंबरठ्याच्या अंतरावरून काढलेले.

"सुगंधाबाईची भाची," कुंताबाई म्हणाली, "म्हणजे तू."

"तीन रात्री झोपली नाई मी. पाह्यत होती, तू सांगतेस का. रिंकू मेली असती तरी मी तुले सोडलं असतं, आई. तुले येत नाई म्हणून मी अडवून नव्हती राह्यली. तू सांगत नाईस म्हणून."

कुंताबाईने मोबाइल जवळ घेऊन ते फोटो पुन्हा पाहिले. मग तिच्या डोळ्यांत ती बाजारातली जुनी चमक आली.

"अन् तू रोज फोनवर इचारत होती, रिंकू कशी हाय म्हणून. माईत असून. मंग लपवाले कोण शिकलं, अन् कोणापासून?"

दामिनीने तिच्या हातातला कप घेतला आणि स्वतःच विसळायला गेली. शनिवारी त्या दोघी पहिल्या बसने पोंभुर्ण्याकडे निघाल्या. सुगंधाबाई खाली सोडायला आल्या तेव्हा कुंताबाईने त्यांना झिंगुरांचा डबा दाखवून म्हटलं की भाचीची आठवण म्हणून ठेवा. त्या चार पावलं मागं सरल्या.

मंडई झाली, धान घरात आलं. आता रोज सात वाजता तलावाच्या पाळीखालच्या घरात फोन वाजतो. कुंताबाई खाट ओढून, आरामात बसून तो घेते. आज सकाळपासून गुडघा ठणकून राह्यला, काल भात करपला, पायरीवर शेवाळ आलं म्हणून सोमाजीला खरवडायला लावलं, दोनदा ठसका लागला, एक कुत्रं चप्पल घेऊन गेलं, असं सगळं सांगायला पंधरा-वीस मिनिटं जातात. दामिनीला मधे बोलायला मिळत नाही. शेवटी दम घेऊन कुंताबाई विचारते,

"आता तू सांग. रिंकूच्या घरची माती कशी हाय?"

"बरं..." दामिनी म्हणते, आणि थांबते. मग पेटीपाशी जाऊन, झाकण उचलून, मातीत बोट घालून पाहते.